आधी गवत, मग बंदी

प्रश्न शिराळा तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती कऱ्हाडला पर्यावरणशास्त्र शिकते, घर चांदोलीच्या अलीकडच्या डोंगरपट्ट्यात. गावच्या डोंगरावर पाच वर्षं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी घालून झाडं लावायची, असा ठराव येत्या ग्रामसभेपुढे येणार आहे. घरात दोन म्हशी, चार शेळ्या. वडील म्हणतात, हात वर करायचा नाही. ती लिहिते, "आपल्यासारख्या गरीब देशात पोट आणि जंगल यांचा तोल कसा साधायचा, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले. पण ग्रामसभेत मी कुणाच्या बाजूनं बसू?"

मी सव्वीस वर्षं याच कामात आहे. सुरुवातीला माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात पाणलोटाची कामं केली. नंतर पाटण, जावळी, शिराळा इथल्या डोंगरी वाड्यांना वनहक्काचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसत-वापरत आलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे, दावे तयार करायला मदत करत आलो. दोन्हीकडे जे शिकलो ते आधीच सांगून टाकतो. तोल हा शब्द मला इथे फसवा वाटतो. एका पारड्यात जंगल, दुसऱ्यात माणूस असं चित्र मनात बसलं, की एकाचं वजन वाढवायला दुसऱ्याचं उतरवावं लागतं. मी पाहिलेली बहुतेक भांडणं मात्र क्रमाची होती. बंदी ठराव झाल्या दिवसापासून लागू होते. चारा, गॅस, भरपाई, जमीन, रस्ता हे सगळं मागून येतं. मागून म्हणजे कधी दोन वर्षांनी, कधी पुढच्या पिढीला. मधल्या काळात ज्याचं हातावर पोट आहे त्यानं करायचं काय? तो अंधार पडल्यावर कोयता घेऊन डोंगरात शिरतो, आणि आपण म्हणतो, गरिबाला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही.

हे मला माझ्याच एका चुकीनं शिकवलं. माण तालुक्यातलं गाव होतं. उघडाबोडका डोंगर, पायथ्याला आटलेल्या विहिरी. आम्ही उतारावर पाणी मुरवायला सलग समतल चर खोदले, बांधबंदिस्ती केली, गवताचं बी पेरलं आणि चराईबंदीचा ठराव मांडला. भराभर हात वर झाले, मी खूश झालो. वर झालेले हात कुणाचे, हे मी पाहिलंच नाही. ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं त्यांना डोंगराची गरज नव्हती; त्यांच्या दारात कडब्याच्या गंजी होत्या. डोंगरावर जगत होती ती भूमिहीन, शेळ्यावाली घरं. त्या घरांतल्या बायका देवळाच्या भिंतीला टेकून, सभेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या एक मावशी मला आठवडी बाजारात दिसल्या. शेळीचा कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरलेला. व्यापारी शेळीचा जबडा उघडून दात बघत होता, मग त्यानं पोटाखालून हात फिरवला. शेळी गाभण होती. गाभण शेळी कुणी हौसेनं विकत नाही. मी जवळ गेलो तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "दादा, गवात उगवंल, पर तवर हिनं काय खायाचं?" व्यवहार झाल्यावर त्यांनी शेळीच्या गळ्यातलं घुंगरू सोडवून घेतलं आणि कनवटीला खोवलं.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत खरंच कमरेएवढं आलं. विहिरींची पातळीही वाढली, याचं मला आजही समाधान आहे. पण गवताचा लिलाव झाला तेव्हा तो ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि रोख पैसा होता त्यांनीच घेतला. मावशींना कापून न्यायची मुभा देता आली असती, पण गवत खायला त्यांच्या दारात आता जनावरच नव्हतं. शेळीला आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात. लेकरू आजारी पडलं की तीच विकून दवाखाना होतो. आम्ही डोंगर वाचवला आणि त्याची किंमत गावातल्या सर्वांत गरीब बाईकडून वसूल केली. तिला तसं सांगितलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर मी एकाही गावात अख्खा डोंगर एकदम बंद करू दिलेला नाही. डोंगराचे तीन भाग करायचे. एक भाग बंद, दोन चालू. बंद भागात गवत तयार झालं की तिथून विळ्यानं कापून आणायचं आणि मगच दुसरा भाग बंद करायचा. वेळ जास्त लागतो, निधी देणाऱ्यांना ते पटत नाही, त्यांना एका वर्षात हिरवा फोटो हवा असतो. पण असे डोंगर टिकतात, कारण रात्री चोरून जनावर घालायची कुणावर वेळ येत नाही.

आता गरीब देशांच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरली. तिथे इंदिरा गांधींनी विचारलं होतं की गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का. पुढे लोकांनी त्या प्रश्नाचं विधान करून टाकलं, जणू गरीब माणूसच प्रदूषण करतो. त्यांचा रोख वेगळा होता. ज्यांचं स्वतःचं जगणंच मुळात घाणीत चाललंय, त्या खेड्यांतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांशी समुद्र आणि नद्या स्वच्छ ठेवण्याच्या गोष्टी आपण कोणत्या तोंडानं करायच्या, असं त्या विचारत होत्या. त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि त्याच वर्षी माण, खटाव, आटपाडी, जत भागातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. तो कायदा झाला नसता तर आज आपल्याकडे वाघ उरला असता असं मला वाटत नाही. पण एकाच वर्षातल्या या तीन गोष्टी एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि त्याचे परिणाम आपण पन्नास वर्षं भोगतोय.

कोयनेच्या खोऱ्यात ते लख्ख दिसतं. धरण १९६०च्या दशकात उभं राहिलं. शिवसागर जलाशयाखाली भातखाचरं गेली, गावं गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे पाणी आधी भरलं, कायदा दशकभरानं आला. काही गावं दूरच्या जिल्ह्यांत गेली, काही पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर सरकून राहिली. मध्ये ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला. वर सरकलेली माणसं कशीबशी नाचणी-वरी पिकवायला लागली तोवर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, त्याच वर्षी शेजारी चांदोलीही. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. एकेका घरानं तीन वेळा ऐकलं की हे राष्ट्राच्या हिताचं आहे. तिन्ही वेळा ते खरंही होतं. पण राष्ट्राचं हित दर वेळी त्याच उंबऱ्यावर येऊन का थांबतं, हे विचारायचा त्या घराला हक्क आहे.

जंगल राहिलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, वारणा या सगळ्या याच डोंगरांतून निघतात. कोयना-कृष्णेचा संगम कऱ्हाडला, तिथून जरा खाली टेंभूला पाणी उचलून आटपाडीकडे नेलं जातं. त्याखाली ताकारी, म्हैसाळ या अशाच पाणी उचलणाऱ्या योजना. जत-आटपाडीत एखाद्या बाईच्या हंड्यात पडणारं पाणी जावळीच्या नाहीतर पाटणच्या झाडोऱ्यात मुरून आलेलं असतं. पण टेंभूच्या पाण्यावर डाळिंब पिकवणाऱ्यानं, किंवा साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्यानं, ते जंगल राखणाऱ्या वाडीला आजवर काय दिलं? पाणीपट्टी भरली जाते, पण त्यातलं काही डोंगरावर परत जातं असं मी पाहिलेलं नाही. खालच्यांनी वरच्यांना काहीतरी द्यावं, ही मागणी मला भिकेची वाटत नाही. ती राखणदाराची मजुरी आहे.

एक गोष्ट लोकांना आवडत नाही, तरी बोलतो. पाटण-जावळीचं जंगल अलीकडे दाट झालं असेल, तर त्याचं मोठं श्रेय मुंबईला जाणाऱ्या एसटीला आहे. इथला तरुण पिढ्यान्‌पिढ्या माथाडीत, गोदीत, गिरणीत गेला. घरं मनीऑर्डरीवर चालली. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं उरली. खाचरं पडीक पडली, त्यात आधी घाणेरी आणि रानमोडी माजली, मग झाडोरा आला. उपग्रहाच्या फोटोत हे हिरवं दिसतं. नेपाळचंही थोडंसं असंच. तिथे १९९३च्या वन कायद्यानं गावांच्या वापरकर्ता गटांना जंगलं सोपवली आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत देशातलं वनाच्छादन सुमारे २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. गरीब देशाला जंगल परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. गावाच्या हाती जंगल दिलं की ते सांभाळतं, हे नेपाळनं दाखवलं. पण डोंगरातली पोरं आखातात कामाला गेल्यामुळेही जंगलावरचा ताण उतरला, हेही त्याच गोष्टीत येतं. म्हणून एखादी टेकडी हिरवी दिसली की मी आधी गावातली किती घरं उघडी आहेत ते मोजतो.

पडीक जमिनीचा आणखी एक फेरा आहे, तो तुमच्या घराच्या जास्त जवळचा. शेताच्या कडेला झाडोरा वाढला की गवा आणि रानडुक्कर अंगणापर्यंत येतात. गव्यांचा कळप एका रात्रीत पोटरीला आलेलं भात साफ करतो. खातो त्याहून जास्त तुडवतो. एका वर्षी नुकसान झालं की शेतकरी राखणीला माळ्यावर झोपतो, दुसऱ्या वर्षी निम्मीच पेर करतो, तिसऱ्या वर्षी सोडून देतो. ती जमीनही पडीक होते आणि जंगल आणखी पन्नास पावलं पुढे येतं. मग शेवटच्या घराशेजारचं घर शेवटचं होतं. भरपाईची सोय आहे, पण नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. पुढे पंचनामा, त्यात वन, महसूल आणि कृषी या तिन्ही खात्यांची माणसं, तिन्हींच्या सह्या. वाडीतली म्हातारी, जिचा मुलगा मुंबईत, ती तीन दिवसांत वनपालाच्या दारात कशी पोहोचणार? फोटो कोण काढणार? एका वाडीत आम्ही दोन शाळकरी मुलींना हे काम शिकवलं. सकाळी शेतात जायचं, खुरांच्या ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, गट नंबर वहीत लिहायचा, अर्ज भरायचा आणि त्याची पोच घ्यायची. त्या वर्षी वाडीतल्या एकाही माणसाचा अर्ज मुदत संपली म्हणून परत आला नाही. २०२५ च्या अखेरीस ताडोब्यातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्याचं काम सुरू झालं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण वाघिणीच्या स्वागताआधी गव्याचे जुने पंचनामे निकाली निघावेत, इतकी साधी अपेक्षा आहे.

आता वनहक्काबद्दल, कारण तुमच्या गावाच्या ठरावाशी याचा थेट संबंध आहे आणि ठराव आणणाऱ्यांनी तो तुम्हाला सांगितला असेल असं वाटत नाही. २००६ चा वनहक्क कायदा फक्त आदिवासींचा, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. त्यात इतर पारंपरिक वननिवासीही येतात. आपले गवळी धनगर, डोंगरावरचे मराठा, कुणबी, दलित कुटुंबं, सगळ्यांना दावा करता येतो. अडचण पुराव्याची आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य आणि जंगलावर उपजीविका असल्याचं दाखवावं लागतं. ज्यांच्या वाड्याला आजही पक्का रस्ता नाही, त्यांच्याकडे १९३० सालचा कागद कुठून येणार?

पण या कायद्याचा नियम क्रमांक १३ नीट वाचला तर वाट निघते. कागदाखेरीज इतर पुरावेही चालतात: जाणत्या माणसांचे जबाब, जुन्या घरांचे जोते, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं. जावळीतल्या एका धनगरवाड्यावर आम्ही पुरावे गोळा करत होतो. दिवसभर हिंडून हाताला फारसं काही लागलं नव्हतं. संध्याकाळी एका आजोबांनी मला वाड्यामागच्या कातळावर नेलं आणि हातानं पालापाचोळा बाजूला केला. कातळातच कोरलेलं उखळ होतं. आतून काचेसारखं गुळगुळीत. वरी कांडून कांडून झालेलं. आजोबांनी आत मूठ घातली, ती मनगटापर्यंत गेली. म्हणाले, "माझी आज्जी हितंच कांडायची. तिच्या सासूनंबी हितंच कांडलं." आम्ही उखळाची खोली मोजली, फोटो काढले, आजोबांसकट तीन वृद्धांचे जबाब घेतले आणि दावा दाखल केला. पहिल्या सुनावणीत एका अधिकाऱ्यानं विचारलं, या उखळावर साल कुठे लिहिलंय? नियमाची प्रत पुढे ठेवल्यावर तो पुरावा नोंदला गेला. दावा अजून वरच्या समितीत आहे. मध्ये आजोबा गेले.

याच कायद्याचं कलम ३(२) फार कमी ग्रामपंचायती वापरतात. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता अशा १३ कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून चार-पाच जण डोंगर उतरतात तेव्हा सगळे हळहळतात. ग्रामसभेचा ठराव करून हे कलम लावायला मात्र कुणी बसत नाही. वाडीला रस्ता दिला तर जंगल संपेल, असं मला एका निसर्गप्रेमी गृहस्थांनी सांगितलं होतं. ते स्वतः त्या जंगलात गाडीनं आले होते.

सरपणाचं सांगतो, कारण तुमच्या ठरावात कुऱ्हाडबंदी आहे. माझ्या ओळखीच्या एका वाडीत गॅस आला, अनुदानावर घरोघर शेगड्या पोहोचल्या, तरी मोळ्या काही कमी होईनात. वरून विचारणा झाली की बायका गॅस का वापरत नाहीत. आम्ही ताणकाटा घेऊन चार घरांत आठवडाभर बसलो. पहाटे मोळी आली की टांगून वजन, मग कुठल्या चुलीत किती गेलं त्याची नोंद. चहा गॅसवर, भाजीही बरेचदा गॅसवर. भाकरी चुलीवर, कारण तशीच आवडते. पण सगळ्यात जास्त लाकूड जात होतं न्हाणीतल्या चुलीवर, अंघोळीच्या पाण्याला. महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात चार महिने पाऊस थांबत नाही, अंगावरचे कपडे सुकत नाहीत. खाचरातून भिजून आलेल्या माणसाला कढत पाणी लागतंच. सिलिंडरवर हंडाभर पाणी तापवणं कुणालाच परवडत नाही. आम्ही स्वयंपाकघरात बघत होतो, लाकूड न्हाणीत जळत होतं. मग कमी लाकडात पाणी तापवणारे बंब आणले, आणि बांधाबांधानं पडीक जागेत जळणासाठी झाडं लावली, ज्यांच्या फांद्या तोडल्या तरी पुन्हा फुटतात. मोळ्या थांबल्या नाहीत. पण दोन वर्षांत बायका रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला तो त्यानंतर, आणि तो बायकांनीच मांडला.

आधी वाटा आणि मग बंदी, असा क्रम उलटा लावला तर काय होतं, याचं आपल्या सांगली जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण खानापूर तालुक्यात येरळा नदीवर आहे. १९८२च्या संपानंतर गिरणी कामगार गावी परतले तेव्हा दुष्काळानं गाव होरपळत होतं आणि नदीतली वाळू ट्रक भरभरून बाहेर चालली होती. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही, आजूबाजूच्या विहिरी बसतात. मुक्ती संघर्ष या तिथल्या शेतकरी-कामगारांच्या चळवळीतल्या लोकांनी वाळूउपसा अडवला आणि बलवडी-तांदूळवाडीजवळ बळीराजा धरण बांधायचं ठरवलं. वाळू पूर्ण बंद करा एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. मर्यादित वाळू विकू, तो पैसा धरणाला लावू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धरण बांधायच्या आधी पाणी कसं वाटायचं ते ठरलं. जमिनीच्या एकरांवर पाणी वाटायचं नाही. भूमिहीनासकट प्रत्येक घराला सारखा वाटा. ऊस लावायचा नाही, काही जमिनीवर झाडं राखायची. ज्याला पाण्याचा वाटा आधीच कबूल झालाय, त्याला नदी राख म्हणून सांगावं लागत नाही. पुढे त्या योजनेला अडचणी आल्या, सगळं ठरल्याप्रमाणे घडलं असं नाही. पण भूमिहीन माणसाला पाण्यावर हक्क आहे, हा विचार त्या वाळूतून वर आला आणि पुढे आटपाडीच्या समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्यापर्यंत गेला.

जंगल राखूनच पोट भरतं, अशीही गावं आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे पूर्वीपासून घरोघर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. माशीला फुलोरा लागतो, फुलोऱ्याला झाडं लागतात. जांभूळ तोडलं की मधाचा हंगाम गेला, हे तिथल्या लहान पोराला कळतं. कासबद्दल मी थोडं हातचं राखून बोलतो. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेल्यावर गर्दी लोटली, शुल्क लावलं, भोवतालच्या गावांतल्या तरुणांना हंगामात कामं मिळाली, हे चांगलं झालं. पण पठाराला कुंपण घातलं आणि गुरं आत जायची थांबली. मग फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली, आणि अखेर कुंपण काढावं लागलं. गुरांचं चरणं, तुडवणं, शेण हे सगळं त्या सड्याच्या गवताचा आणि फुलांचा भाग होतं, हे तिथले गुराखी पहिल्यापासून सांगत होते. आणि पर्यटनावरच सगळा भार टाकू नये. करोनाच्या वर्षी गेटवर माणूस नव्हतं, तेव्हा त्या पोरांचं कुणी विचारलं?

सागरेश्वरचं नाव घेतल्याशिवाय सांगलीचा माणूस या विषयावर बोलू शकत नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीनं उघड्या डोंगरावर जंगल उभं राहिलं, १९८५ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. हरणं वाढली आणि आता तीच हरणं आजूबाजूच्या शेतात उतरतात. मोहित्यांच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच वाटतं की त्या हरणांच्या चाऱ्या-पाण्याची आणि शेतकऱ्याच्या नुकसानीची सोय हा अभयारण्याचा पहिला खर्च मानायला हवा होता. तो नंतरची डोकेदुखी झाला.

आता तुमचा ठराव. वडिलांचा विरोध चुकीचा नाही, आणि तुमची डोंगराची काळजीही चुकीची नाही. ठरावाला हात वर करा, पण मजकूर बदलून. सभेआधी आठ दिवस गावातली शेळ्यावाली आणि बिनजमिनीची घरं मोजा. कुणाकडे किती जनावरं आणि डोंगराचा कुठला भाग कोण वापरतं, हे हाताने काढलेल्या नकाशावर मांडा. मेंढपाळ पावसाळ्यात तुमच्या डोंगरावरून जात असतील तर त्यांची वाटही त्यात दाखवा, ते सभेला नसले तरी. मग मजकुरात हे घालायला लावा: पहिल्या वर्षी डोंगराचा एकच भाग बंद होईल आणि तिथलं गवत कापायला मिळाल्याशिवाय दुसरा बंद होणार नाही. गवताचा लिलाव होणार नाही. पहिला हक्क भूमिहीन घरांचा, विळा-भारा पद्धतीनं, विनाशुल्क. लावायच्या झाडांत निम्मी चारा, जळण आणि फळांची असतील, सगळा साग किंवा निलगिरी नको. कुऱ्हाडबंदी पाणी तापवायची सोय घरोघर पोहोचल्यानंतरच लागू होईल. आणि एक वाक्य अगदी वर लिहा, की या ठरावामुळे गावाच्या वैयक्तिक किंवा सामूहिक वनहक्क दाव्यांना बाध येणार नाही. ते वाक्य नसल्यामुळे एका गावाचा सामूहिक दावा 'गावानं स्वतःच डोंगर वन खात्याला दिलाय' असं म्हणून मागे पडलेला मी पाहिला आहे.

सभेत बायकांना भिंतीकडे बसू देऊ नका, मध्ये बसवा. आधी शक्य झालं तर महिलांची वेगळी सभा घ्या, तिचा ठराव मुख्य सभेत वाचून दाखवता येतो. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, ग्रामसेवक उद्या या म्हणाले तरी तिथेच थांबा. आणि वडिलांना सोबत न्या. चार शेळ्या घेऊन ते डोंगराच्या कुठल्या घळीत जातात, हे नकाशावर त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी दाखवू शकणार नाही.